परत आलीस तरी हप्ता भरता येईल का?

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात डेटा सायन्सच्या एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. जर्मनीतल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचाही होकार आलाय. ब्रिटनचं डिपॉझिट तीन आठवड्यांत भरायचंय. आई-बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. मैत्रिणी म्हणतात, अशी संधी सोडू नकोस. मला मात्र झोप लागत नाही. जाऊ की नको?
– संभ्रमात

उत्तर : अगं, झोप उडाली म्हणून स्वतःला भित्री समजू नकोस. घर पणाला लागत असताना ती उडायलाच हवी. ‘जाऊ की नको’ हे जरा बाजूला ठेव आणि आधी एवढंच बघ : पदवी मिळाली, तिकडे नोकरी मिळाली नाही आणि तू परत आलीस, तर मायदेशातल्या पगारातून हप्ता भरता येईल का?

कागद घेऊन बस. व्याज १० टक्के आणि मुदत १० वर्षं धरली, तर दर लाखामागे महिन्याला साधारण १,३२० हप्ता येतो. पण शिकत असतानाही व्याज चढतच असतं. एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि हप्ता सुरू होण्याआधीची पुढची सहा महिन्यांची सवलत धरली, तर सरळ व्याजानेही लाखाचे १ लाख १५ हजार होतात आणि हप्ता १,५२० वर जातो. कर्ज जितके लाख, तितक्या पटीने गुण. तुझा खरा दर आणि मुदत घालून हाच हिशोब पुन्हा कर. मग हाच अभ्यासक्रम करून परत आलेल्या दोन-तीन जणांना पगार विचार. तिकडेच राहिलेल्यांना नव्हे, परत आलेल्यांना. हप्ता त्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होत असेल, तर त्यासाठी घर तारण ठेवू नये, असं मी ठामपणे सांगेन.

ब्रिटनचं एक वर्ष स्वस्त वाटतं, पण ते श्वास घेऊ देत नाही. मास्टर्सचे १८० क्रेडिट्स (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) म्हणजे जवळपास १,८०० तासांचा अभ्यास. तू सप्टेंबरात पोहोचशील आणि त्याच सुमारास अनेक मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षीच्या पदवीधर भरतीचे अर्ज उघडतात. खोली शोधणं, बँकेत खातं उघडणं आणि नोकरीचे अर्ज, सगळं त्याच आठवड्यांत. ‘आधी अभ्यासात रुळते, मग नोकरीचं बघते’ म्हणणारे इथेच मागे पडतात. म्हणून सीव्ही निघण्याआधीच तयार हवा. दुसरी चूक पार्टटाइम कामाच्या हिशोबात होते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांचा उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळही सत्रातच धरतात. उन्हाळाभर पूर्णवेळ काम करून पैसे उभे करीन, असं मनात असेल तर ते खोडून टाक. शिवाय ग्रॅज्युएट व्हिसासाठी, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करायच्या परवानगीसाठी, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अडतं ते भाषेपाशी. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरीच्या जाहिराती सर्रास जर्मन मागतात. निघण्याआधी जर्मनच्या बी१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील इतक्या मध्यम पातळीपर्यंत, पोहोचण्याची तयारी असेल, तरच हा मार्ग धर. आणि दोन वर्षांच्या चार सत्रांत सगळ्यांचं संपत नाही, पाचव्याचे पैसे बाजूला असू देत.

तू लिहिलंस त्यावरून माझा कल जर्मनीकडे आहे, कारण तिथे कर्ज लहान राहील आणि कदाचित घराला हात लावावा लागणार नाही. तेही जमत नसेल तर वर्षभर नोकरी कर. यंदा नाही म्हणजे कधीच नाही, असं नसतं. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, शिष्यवृत्ती असेल तर ती सोबत येते का, हे विद्यापीठाला विचार. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्याचीही तारीख बघून ठेव.

एजंटमार्फत अर्ज केला असशील तर एक ध्यानात असू दे : बऱ्याच एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. म्हणून हे प्रश्न त्याला नको, थेट प्रवेश विभागाला ईमेलने विचार. डिपॉझिट कधी परत मिळतं, तेही त्यातच विचार. व्हिसा नाकारला तर बहुधा मिळतं, मन बदललं तर बहुधा नाही. मुदत वाढवून मागायलाही लाजू नकोस. लेखी उत्तर हातात येईपर्यंत आणि आई-बाबांसमोर तो हप्त्याचा कागद ठेवेपर्यंत पैसे भरू नकोस.