फोनवरचा ट्रेलर आणि पडद्यावरचं प्रमाणपत्र

प्रश्न : येणाऱ्या एका चित्रपटाचा ट्रेलर फोनवर पाहिला. त्यात एक पात्र वारकऱ्यांची टवाळी करतं. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे, फार लागलं. सेन्सॉरने हे पास कसं केलं? माझा मुलगा मित्रांबरोबर शो बंद पाडायला निघालाय. अडवू का?
– एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : अडवा, ताई. आधी तेवढं करा, मग पुढचं वाचा.

याच शहरात मी एका थिएटरचा मॅनेजर होतो. अशाच एका चित्रपटाच्या वेळी आलेला दगड बुकिंगची काच फोडून तिकिटं फाडणाऱ्या पोराच्या भुवईवर बसला. तो स्वतः माळकरी, आषाढीला न चुकता रजा मागणारा. तो चित्रपट त्याने पाहिलाही नव्हता. पाच टाके पडले. ते रक्त मी अजून विसरलेलो नाही.

आता सेन्सॉरचं. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, यूट्यूबवरच्या ट्रेलरला लागत नाही. म्हणजे तुम्ही पाहिलंत ते मंडळाने पाहिलंच असेल असं नाही. कोणत्याही धर्माचा अवमान करणारी दृश्यं वा शब्द नकोत, हे मंडळाच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. पण चित्रपट सबंध पाहून, त्याचा एकूण परिणाम बघून ठरवायचं, हेही त्यातच आहे. आणि ते योग्यच आहे. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मधला, तुकोबांचा मत्सर करणारा सालोमालो आठवा. नुसता त्याचाच तुकडा कुणी फोनवर पाठवला असता, तर तुमच्या आजोबांनाही संताप आला असता.

निदर्शनांच्या धमकीपुढे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट थांबवायचा नाही, संरक्षण देणं हे सरकारचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. तेव्हा दगडाने चित्रपट थांबणार नाही, मुलावर गुन्हा मात्र दाखल होईल.

चित्रपट लागला की मायलेक दोघं जाऊन पाहा. तरीही मन दुखलं, तर ते दुखणं खरं आहे आणि ते सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मंडळाच्या मुंबईच्या कार्यालयाला लिहा. तिथे दाद लागली नाही तर उच्च न्यायालय आहे, त्याला मात्र वकील गाठावा लागेल. पत्रात रागाची चार पानं नकोत. चित्रपटाचं नाव, कुठे पाहिला, कोणता प्रसंग, कोणता संवाद आणि तो का लागला, एवढं पुरे. संवाद जसाच्या तसा हवा, म्हणून वही घेऊन जा. आणि लिहायला मुलालाच बसवा.