वेगवेगळ्या क्षेत्रांत गाजलेल्या, पण एकाच नावाच्या व्यक्ती कोणत्या?

माझ्या मते पहिला मान शरद जोशींचा.

मी नाशिककडच्या कांद्याच्या पट्ट्यातला. आमच्याकडे हे नाव निघालं की सदऱ्यावर लावलेला लाल बिल्लाच आठवतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) जन्माने साताऱ्याचे. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, तिथून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून १९७७ च्या सुमारास परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेती तोट्यात का जाते ते स्वतः कसून पाहिलं. पुढे कांद्याच्या भावासाठी चाकणला रास्ता रोको, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन, मग बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती'. आणि याच माणसाने २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिलं. १८६ विरुद्ध १, त्यातला तो एक म्हणजे हे! मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याची पद्धतच त्यांना मान्य नव्हती. पटो न पटो, एकट्याने हात वर करायला छाती लागते.

आता भोपाळ-उज्जैनकडच्या कुणाला विचारा. तो म्हणेल, शरद जोशी म्हणजे व्यंगकार! हेही खरंच. हे शरद जोशी (१९३१–९१) उज्जैनचे. 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हे सदर चालवायचे आणि कविसंमेलनात चक्क गद्य वाचून कवींपेक्षा जास्त टाळ्या घ्यायचे. दूरदर्शनवरची 'ये जो है ज़िंदगी' त्यांनीच लिहिलेली. गंमत म्हणजे आपले शरद जोशीही लिहिते होते, त्यामुळे नुसतं 'शरद जोशींचं पुस्तक द्या' म्हणून भागत नाही.

दुसरं नाव सुलोचना. इथे तर तिघी आहेत.

सगळ्यांत आधीची सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू घराण्यातली, आधी टेलिफोन ऑपरेटर आणि मग मूकपटांची सर्वांत मोठी तारका. १९२७ च्या एका मूकपटात तिने आठ भूमिका केल्या होत्या. बोलपट आले तशी पंचाईत झाली, कारण हिंदुस्थानी धड येत नव्हतं. बाईंनी थांबून भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये 'माधुरी'तून परतल्या. पुढे १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला.

दुसऱ्या सुलोचनादीदी, म्हणजे सुलोचना लाटकर. चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. डोळे बघून भालजी पेंढारकरांनी हे नाव ठेवलं असं सांगतात. मराठीत 'वहिनींच्या बांगड्या', हिंदीत निम्म्या नायकांची आई. रूबी मायर्सही उतारवयात हिंदीत छोट्या भूमिका करत होत्या, आणि श्रेयनामावलीत दोघींपुढे नुसतं 'सुलोचना'. जुना सिनेमा बघताना चेहरा दिसेपर्यंत कळत नाही की कोणती.

तिसऱ्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, गिरगावच्या. माहेरच्या कदम, त्या नावानेही त्यांची हिंदी गाणी सापडतात. डोक्यावरचा पदर ढळू न देता ठसकेबाज लावणी म्हणायची, हा त्यांचा बाज. डिसेंबर २०२२ मध्ये त्या गेल्या आणि जून २०२३ मध्ये दीदी. दोन्ही वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंची अदलाबदल झाली होती.

एक जोडी तुमच्या नियमात बसत नाही, कारण दोघंही राजकारणातच. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इस्लामपूरचे जयंत पाटील राष्ट्रवादीचे आणि अलिबागकडचे जयंत पाटील शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. जुलै २०२४ च्या विधान परिषद निवडणुकीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील होते, त्या पक्षाने पाठिंबा दिला शेकापच्या जयंत पाटलांना, आणि जयंत पाटील पडले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या वाचताना प्रत्येक ओळीला थांबून 'हे कुठले?' म्हणावं लागत होतं.