रात्री एअरगनने शेतातले उंदीर आटोक्यात येतील का?

इंग्लंडमधले शेतकरी रात्री एअर रायफलने उंदीर टिपतात, तसं आपल्या उसात जमेल का, असं तुम्ही विचारलंय. उसात नाही जमणार. तिकडे हे चालतं गोठ्यापाशी, धान्याच्या कोठाराभोवती. उंदीर भिंतीच्या कडेने ठरलेल्या वाटेवरूनच पळतो. तिथे दाणे टाकून, नाइट व्हिजन (अंधारात दिसायचं यंत्र) लावून जवळच दबा धरतात. उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही, आणि रात्रीच्या लाइटीला कुणी पाणी द्यायला आलेलं असेल तर छर्रा त्यालाच लागायचा. तो धोका पत्करू नका.

त्यापेक्षा बिळं धरा. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तोंडाशी भुसभुशीत ताजी माती असेल, तीच चालू. तिथे आधी दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा. ही पायरी गाळू नका, कारण उंदीर नवं खाणं आधी थोडंसंच चाखतो आणि त्रास झाला की पुन्हा शिवत नाही. मग 96 भाग भरडा, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाइड (उंदीर मारायचं विष), काठीने कालवून, साधारण 10 ग्रॅमची पुडी बिळात खोल सरकवा. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. मेलेले उंदीर वेचून पुरा, नाहीतर ते खाऊन कुत्री आणि घुबडं दगावू शकतात. गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवरच जगतं, त्याला जपा.