परफेक्शन सॅलडमध्ये, म्हणजे जिलेटिनच्या जेलीत भाज्या घालून साच्यात घट्ट केलेल्या सॅलडमध्ये, भाज्या एका थरात का जमतात आणि साच्यातून काढल्यावर ते का ढासळतं?

दोन्ही तक्रारींचं मूळ वेगवेगळं आहे. शाकाहारी पर्यायाचं शेवटी सांगतो.

१९०५ साली नॉक्स या अमेरिकन जिलेटिन कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेलं हे सॅलड आंबटगोड असतं. त्यामुळे बाजारातली गोड जेलीची पाकिटं इथे कामाची नाहीत, बिनचवीची जिलेटिन पावडर आणा. माझं प्रमाण असं: पावडर १२ ग्रॅम, गार पाणी १०० मिली, उकळतं पाणी ३०० मिली, पांढरं व्हिनेगर ६० मिली, लिंबाचा रस २ मोठे चमचे, साखर ६० ग्रॅम, मीठ १ छोटा चमचा. भाज्या अडीचशे ग्रॅम: बारीक चिरलेला कोबी, सेलरी, लाल ढोबळी मिरची. काकडी घालायचीच असेल तर मीठ लावून पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा, नाहीतर तिचं पाणी सुटून सॅलड ढिलं पडतं.

पावडर गार पाण्यावर भुरभुरा. उलट केलंत, म्हणजे पावडरीवर पाणी ओतलंत, की गुठळ्या होतात. दहा मिनिटांत ती फुगली की उकळतं पाणी, साखर, मीठ घालून पूर्ण विरघळवा, पण गॅसवर उकळू नका. जिलेटिनची पकड जाते. व्हिनेगर-लिंबू त्यानंतर. चव घेताना थोडं जास्तच खारट-आंबट लागू दे, कारण गार झाल्यावर चव दबते.

आता भाज्यांचं. मिश्रण पातळ असताना घातल्या की काही तरंगतात, काही तळ गाठतात. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत झालं, चमचा फिरवल्यावर माग क्षणभर राहिला, की लगेच भाज्या मिसळा. मग फ्रिजमध्ये निदान सहा तास.

ढासळण्याचं कारण बहुधा आंबट जास्त किंवा पावडर कमी. कच्चा अननस, पपई, किवी किंवा आलं घातलं असेल तर मात्र प्रमाण वाढवूनही उपयोग नाही. त्यातली एन्झाइम जिलेटिन तोडतात. डब्यातला अननस चालतो. आणि तिशीच्या पुढच्या तापमानात जिलेटिन वितळणारच, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात ते जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवायचा पदार्थ नाही. साचा दहा सेकंद कोमट पाण्यात धरा आणि ताटली ओली करून घ्या. उलटताना सॅलड बाजूला पडलं तरी सरकवता येतं.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. शाकाहारी हवं असेल तर अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास. तेवढ्याच द्रवाला ४-५ ग्रॅम पावडर पाण्यात घालून तीन-चार मिनिटं उकळा, आंबट गॅस बंद केल्यावरच घाला. हे चाळीस अंशांच्या आसपासच घट्ट होतं, तेव्हा फ्रिजमधल्या थंडगार भाज्या टाकल्यात तर जागच्या जागी गोळे होतील. भाज्या आधी बाहेर काढून ठेवा. पोत लुसलुशीत नाही, तुटक येतो, पण उन्हाळ्यात टेबलावर टिकतो.