उंचावलेल्या ऑफ-रोड गाडीसाठी शॉक ॲब्सॉर्बर निवडताना

गाडी किती इंच उचलली, एवढ्यावरूनच शॉक ॲब्सॉर्बर मागवू नका. मापे स्वतः घ्या. चॅसिस स्टँडवर भक्कम टेकवून चाक पूर्ण खाली लोंबू द्या आणि शॉकच्या वरच्या व खालच्या माउंटिंगमधील अंतर मोजा. मग स्प्रिंग काढून ॲक्सल (चाकांना जोडणारा दांडा) बंप स्टॉपला, म्हणजे त्याची वरची हालचाल थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर घ्या आणि तेच अंतर पुन्हा मोजा. शॉकची पूर्ण दबलेली लांबी या दुसऱ्या मापापेक्षा थोडी कमीच असली पाहिजे, कारण बंप स्टॉपच्या आधी शॉक तळाला टेकला, तर सगळा धक्का पिस्टनवर आणि माउंटिंगच्या वेल्डवर येतो. जितका लांब तितका चांगला, हा समज म्हणूनच महागात पडतो. चाक लोंबत असताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्या.

व्हॉल्व्हिंग, म्हणजे शॉकमधील तेलाच्या वाहण्याला होणारा अडथळा, स्प्रिंगच्या ताठरपणाशी आणि टायरच्या वजनाशी जुळणारा हवा. खडबडीत वाटेवर बराच वेळ वेगाने जाणार असाल, तर तेल तापून शॉकची धक्के आवरण्याची क्षमता कमी होते, म्हणून मोनोट्यूब (एकाच नळीचा) किंवा तेलाची वेगळी टाकी असलेला शॉक घ्यावा. संथपणे दगड चढणाऱ्याला, माझ्या मते, साधा ट्विन-ट्यूबही (एकात एक दोन नळ्यांचा) पुरतो.