सातोसारखं व्हायचं म्हणून शाळा सोडवायची?

पत्र दोनदा वाचलं. मुलगा ११ वर्षांचा, तीन वर्षं कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेस) चालू, फ्लॅटवर लोन काढायचा विचार, आणि प्रश्न असा की जपानी रेसिंग ड्रायव्हर तकुमा सातोसारखं व्हायचं तर त्याची शाळा आत्ताच सोडवू का.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तुम्ही सहज लिहून गेलेलं वाक्य, की रेस हरला की घरी येईपर्यंत तुम्ही त्याच्याशी बोलत नाही. अहो, ट्रॅकपासून घर दीड तास लांब, तेवढा वेळ ते पोर मागच्या सीटवर काय विचार करत बसत असेल? रेसच्या आदल्या रात्री त्याचं पोट दुखतं असंही तुम्हीच लिहिलंय. मला तरी ते दुखणं त्या दीड तासाचंच वाटतं.

आता सातोचं. तो लहानपणापासून कार्टमध्ये होता म्हणूनच घडला असं तुम्ही धरून चाललाय, पण झालंय उलटंच. १९८७ ला दहा वर्षांचा असताना त्याने जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर एफवन म्हणजे फॉर्म्युला वन रेस पाहिली आणि वेडा झाला, पण गाडी लगेच हातात आली नाही, तो सायकल रेसिंगकडे वळला, तेही राष्ट्रीय पातळीवर, आणि वासेदा युनिव्हर्सिटीत शिकत असताना कुठे कार्टिंग सुरू केलं, मग विशीत सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये गेला. २००१ ला एफथ्री, म्हणजे एफवनच्या खालच्या पातळीच्या रेसिंगमध्ये, ब्रिटिश चॅम्पियन, पुढच्याच वर्षी एफवन. २००८ मध्ये टीम बंद पडली, तो अमेरिकेला गेला, २०१२ मध्ये तिथल्या इंडी ५०० या मोठ्या रेसमध्ये शेवटच्या लॅपला पुढे जायला गेला आणि भिंतीवर आदळला, आणि तीच रेस २०१७ मध्ये चाळिशीत जिंकला, २०२० मध्ये परत. एवढं उशिरा सुरू करून जमणं अपवादच, बहुतेक ड्रायव्हर लहानपणीच सुरू करतात हे खरं. पण आपटल्यावर परत उभं राहायला जी ओढ लागते ती त्याची स्वतःची होती, आणि तुमच्या चार पानांत मुलाला काय हवंय हे एकदाही आलेलं नाही.

शाळा सोडवू नका, लोन तर अजिबात नको. तो रेस संपल्यावर मेकॅनिकपाशीच रेंगाळतो म्हणून तुम्ही वैतागलाय, मला तीच ओळ सगळ्यात आवडली. मोटरस्पोर्टमध्ये इंजिनिअर पण लागतात, दहावी-बारावीनंतर मेकॅनिकलचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे, कॉलेजच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची फॉर्म्युला भारत स्पर्धा पण असते.

सध्या दोन महिने रेस बंद ठेवा, त्याला नुसतं गॅरेजमध्ये बसू द्या. आणि पुढचं पत्र त्याला लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा.