टांकसाळीची चूक की हातोडीची?

प्रश्न : दहा रुपयांच्या एका नाण्यात मधली चकती उलटी आहे. कड्याची बाजू सिंहाची, पण आत उमटलाय 10 चा आकडा. विक्रेता ‘दुर्मिळ एरर’ म्हणून चार हजार मागतो. घ्यावे का? (वाचक, सांगली)

उत्तर : मुळीच नाही. छपाईला जाताना कडे आणि चकती दोन्ही कोरी असतात. चकती कड्यात ठेवतात, वरून-खालून ठशांचा दाब पडतो, त्याच दाबात चित्र उमटते आणि चकतीही घट्ट बसते. चित्र आल्यावर उलटण्यासाठी ती सुटी राहतेच कुठे? म्हणून चकतीवरचे चित्र कड्यावरच्या चित्राशी जुळत नसेल, अगदी थोडे फिरलेले असले तरी, ती नंतर ठोकून काढून पुन्हा बसवलेली आहे. जोडावर दहापट भिंग धरा. ओरखडे, चेपलेली किनार, कधी चक्क गोंद दिसतो.

खऱ्या चुकीत चकती एका अंगाला सरकलेली असते, चित्र मात्र नाण्याच्या मध्यावरच राहते आणि चकतीची हद्द ओलांडून कड्यावर जाते.

जाता जाता : ₹ चिन्ह नसलेले किंवा 15 रेषांचे दहाचे नाणे खोटे नव्हे. तोवर निघालेले सगळे 14 नमुने चलनात वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्न : रुपयाची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. वजन कमी भरते. एवढा पुरावा पुरेसा आहे का? (वाचक, अकोला)

उत्तर : नाही. कानशीने घासले तरी वजन कमीच होणार. कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड पाहा. टांकसाळीत पत्र्यातून नाण्यांच्या कोऱ्या चकत्या कापताना आधीच्या भोकावर कापणारा पंच पडला, तर चंद्रकोर तुटते. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला खाच असली की समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही, आणि तिथली कड फिकी किंवा सपाट राहते. खाचेजवळची अक्षरे पसरट होऊन विरत जातात, कारण तिथे धातूला सरकायला मोकळी जागा मिळते. समोरची कड ठसठशीत असेल आणि अक्षर सुरीने कापल्यासारखे तुटले असेल, तर ती कारागिरी घरची. फिकी कड प्रत्येक खऱ्या नाण्यात येतेच असे नाही, तेव्हा दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात.

प्रश्न : नाण्याच्या एका बाजूला आरशातल्यासारखी, खोलगट अक्षरे आहेत. ही खरी चूक का? (वाचक, पणजी)

उत्तर : त्या बाजूचे स्वतःचे चित्र चेपलेल्या अवस्थेत खाली दिसते का? दिसत असेल, तर दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळली आहेत. खऱ्या चुकीत, म्हणजे टांकसाळीत छापलेले नाणे ठशाला चिकटून पुढच्या कोऱ्या चकतीवर दाबले गेले, तर त्या बाजूला फक्त उलटी प्रतिमा येते, दुसरे काही नाही.

प्रश्न : 1939 चा चांदीचा रुपया घरी कसा तपासावा? (वाचक, पुणे)

उत्तर : वजन 11.66 ग्रॅम, व्यास 30.5 मिमी. कडेवर साध्या उभ्या रेघा हव्यात. कडेच्या मधोमध सुरक्षेची खाच असेल तर नाणे 1940 किंवा त्यानंतरचे आहे, साल बदललेले.

आता चांदी. 0.01 ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला वा काचेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. 1939 च्या 91.7 टक्के चांदीला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो. 1940 पासूनच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाला 1.2 च्या पुढे जातो, जर्मन सिल्व्हरसारख्या मिश्रधातूला 1.3 च्या पुढे.

ओतीव नकलेत कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि साबणासारखी गुळगुळीत अक्षरे सापडतात.

पण खरी फसगत 1939 चा म्हणून खपवलेल्या 1938 च्या रुपयात आहे. तो वजन, कड, पाणी सगळ्यांत पास होतो, कारण धातू अस्सलच असतो. कोरून 9 केलेला असतो फक्त 8. शेवटचा आकडा तिरप्या उजेडात भिंगाखाली धरा. भोवतीची जमीन इतर तीन आकड्यांभोवतीपेक्षा खरवडलेली किंवा जास्त चकचकीत दिसली, किंवा 9 च्या बुडाशी डाकाची (सोल्डरची) बारीक रेघ दिसली, तर पैसे देऊ नका.